नव्या शल्यकर्माची नीति : पुण्यांतील नासिकासंधान व मेदोरोगावरील शस्त्रक्रिया

(१)

मुळशी तालुका म्हणजे जुन्या कागदांतील पौड खोरें व त्याच्या आसपासचा मावळ मुलूख. या मुलुखाच्या इतिहासांत वतनें, देशमुखी, किल्ले व घाटवाटा यांचा विचार पुष्कळ झाला आहे. तेथील माणसाच्या देहाचा विचार मात्र क्वचितच झाला. गुडघाभर चिखलांत उभा राहून आंबेमोहोर लावणारा, डोंगर चढणारा, अंगानें वाळलेला मावळा ही जी मूर्ति आपल्या डोळ्यांपुढें असते, ती आतां त्या तालुक्यांत सर्वत्र आढळत नाहीं. तालुक्याच्या पूर्व भागांत हिंजवडी येथें संगणकाच्या धंद्याची मोठी वसाहत उभी राहिली असून दिवसाचा बहुतेक काळ खुर्चीवर काढणारा एक नवा वर्ग तेथें कामास येतो. या वर्गाच्या मागोमाग मेदोरोग व मधुमेह येतात, आणि त्यांच्या मागोमाग येते ती पुण्या-मुंबईच्या रुग्णालयांत होणारी जठर लहान करण्याची किंवा आंतड्याची वाट वळविण्याची शस्त्रक्रिया.

हा विषय वैद्यकाच्या मासिकाचा, इतिहास-संशोधनाच्या त्रैमासिकांत त्याला स्थान काय, अशी शंका कोणी घेईल. तिचें उत्तर असें कीं, शल्यकर्माची नवी रीत केव्हां न्याय्य ठरते, ती प्रथम कोणाच्या देहावर करावी, कोणाच्या संमतीनें करावी आणि तिचें फळ कोणीं कोठें नोंदवून ठेवावें, हे प्रश्न आजचे नाहींत. त्यांपैकीं कांहींचीं उत्तरें आपल्या संग्रहांतील पोथ्यांत आहेत, आणि एका प्रश्नाचें अत्यंत बोलकें उदाहरण खुद्द पुण्यांत इ. स. १७९३ सालीं घडलें आहे. तीं साधनें एकत्र मांडून त्यांवरून आजच्या प्रश्नाचा कांहीं निर्णय लागतो काय, हें पाहण्याचा आम्हीं येथें यत्न केला आहे.

(२)

प्रथम ग्रंथांकडे वळूं. चरकसंहितेच्या सूत्रस्थानांत एकविसावा अध्याय निंदित देहांचा आहे. अति उंच, अति ठेंगणा, अति केसाळ, केशहीन, अति काळा, अति गोरा, अति स्थूल व अति कृश असे आठ देह सांगून त्यांतील शेवटच्या दोहोंचा विशेष विचार तेथें केला आहे. स्थूल व कृश यांपैकीं कृश बरा, असा चरकाचा स्पष्ट अभिप्राय आहे. कारण स्थूलाची चिकित्सा अधिक कठीण. उपाय सांगितले आहेत ते सारे आहार-विहाराचे : पचण्यास जड पण पोषणास हलकें असें अन्न, जव, मध, व्यायाम, जागरण, चिंतन. सुश्रुतानेंही सूत्रस्थानांत स्थौल्याचें निदान केलें आहे. सुश्रुत हा शल्यतंत्राचा आचार्य. उदर फाडून आंतडें बाहेर काढावें, दोष काढून छिद्राच्या कडा मुंग्यांच्या दंशानें जोडाव्या व पोट पुन्हां शिवावें, इतकें धाडस ज्याच्या चिकित्सास्थानांत आहे, त्यानें केवळ मेद कमी करण्यासाठीं पोटास शस्त्र लावण्यास कोठेंही सांगितलेलें नाहीं. ज्यास साधन ठाऊक होतें त्यानेंच तें या रोगावर वापरलें नाहीं, ही गोष्ट ध्यानांत ठेवण्याजोगी आहे.

अन्य देशांच्या ग्रंथांत मात्र तशा कथा आहेत. रोमन ग्रंथकार प्लिनि यानें आपल्या सृष्टिवर्णनांत एका सरदारपुत्राच्या अंगांतून मेद काढल्याचें लिहिलें आहे. यहुद्यांच्या तालमूद ग्रंथांत रब्बी एलआझर यांस गुंगीचें पेय देऊन, संगमरवरी घरांत नेऊन, पोट चिरून टोपल्या भरभरून मेद काढल्याची कथा आहे. या कथांस शल्यकर्माचा पुरावा म्हणून घेणें धोक्याचें आहे. परंतु स्थूल देहास शस्त्रानें हलकें करावें ही कल्पना फार जुनी आहे, एवढें त्यांवरून निश्चित होतें.

आतां संमतीचा प्रश्न. सुश्रुतानें अश्मरीच्या, म्हणजे मुतखड्याच्या, शस्त्रकर्मापूर्वीं वैद्यानें धन्याची अनुज्ञा घ्यावी असें सांगून त्याचें कारणही दिलें आहे : कर्म न केल्यास मृत्यु निश्चित, केल्यास संशय. चरकानें उदररोगाच्या चिकित्सेंत, इतर सर्व उपाय थकल्यावर विषप्रयोग करण्याचा प्रसंग येतो तेथें, हाच न्याय अधिक विस्तारानें मांडला आहे. रोग्याचे आप्त, मित्र, पत्नी, ब्राह्मण, राजा व गुरुजन यांस आपला संशय उघड सांगावा आणि त्यांची अनुज्ञा मिळाल्यावरच कर्म करावें, असा तो विधि आहे. आमच्या मतें या विधीचें मर्म अनुज्ञेपेक्षां संशय उघड सांगण्यांत आहे. वैद्यास फळाची खात्री नाहीं, हें लपवून मिळविलेली अनुज्ञा त्या ग्रंथकाराच्या दृष्टीनें अनुज्ञाच नव्हे.

तथापि दोन मर्यादा येथें सांगितल्या पाहिजेत. पहिली ही कीं, अनुज्ञा द्यावयाची ती राजानें व आप्तांनीं. स्वतः रोग्याचा अधिकार त्या वाक्यांत वेगळा काढलेला नाहीं. दुसरी अधिक महत्त्वाची. हा न्याय जेथें उपेक्षेचें फळ निश्चित मरण आहे तेथेंच लागू पडतो. मेदोरोगाची गोष्ट निराळी आहे. त्यानें आयुष्य घटतें हें खरें. परंतु अमुक रोगी शस्त्रक्रियेवांचून अमुक वर्षीं मरेल, असें कोणी म्हणूं शकत नाहीं. एका पारड्यांत निश्चित मरण नसेल, तर दुसऱ्या पारड्यांतील संशयही तितकाच हलका असला पाहिजे. म्हणून मेदोरोगाच्या नव्या शस्त्रक्रियेस मुतखड्याच्या शस्त्रक्रियेहून अधिक पुरावा मागणें, हें प्राचीन न्यायाशीं सुसंगतच आहे.

(३)

आतां पुण्यांतील प्रकरण. इंग्रज, निजाम व मराठे यांचें टिपू सुलतानाशीं जें युद्ध इ. स. १७९० ते १७९२ पर्यंत चाललें, त्यांत इंग्रजी फौजेबरोबर कावसजी नांवाचा एक बैल हांकणारा होता. इंग्रजी वृत्तांतांत त्यास शेतकरी जातीचा मराठा म्हटलें आहे. तो टिपूच्या हातीं सांपडला व त्याचें नाक आणि एक हात तोडण्यांत आला. पुढें कंपनी सरकारानें त्यास निवृत्तिवेतन दिलें. सुमारें एक वर्ष नाकावांचून काढल्यावर पुण्याजवळ विटा करणाऱ्या जातीच्या, म्हणजे बहुधा कुंभार, इसमानें त्यास नवें नाक बसविलें. मुंबई इलाख्याचे टॉमस क्रूसो व जेम्स फिंडले या दोघां इंग्रज शस्त्रवैद्यांनीं ही क्रिया प्रत्यक्ष पाहिली. त्यावेळीं पुणें दरबारीं सर चार्ल्स मॅलेट हा इंग्रजांचा वकील होता. सवाई माधवराव पेशवे गादीवर असून कारभार नाना फडणविसांच्या हातीं होता. शस्त्रक्रियेनंतर दहा महिन्यांनीं, जानेवारी १७९४ मध्यें, जेम्स वेल्स या चित्रकारानें कावसजीचें चित्र काढलें, आणि त्या वर्षाच्या ऑक्टोबर महिन्यांत लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’ या मासिकांत चित्रासह सारा वृत्तांत छापून आला.

रीत अशी होती. मेणाचा पातळ पत्रा तुटलेल्या नाकावर बसवून त्यास नाकाचा आकार द्यावयाचा. मग तो सपाट करून कपाळावर ठेवून त्याच्या कडेनें रेघ ओढावयाची. त्या रेघेप्रमाणें कपाळाची कातडी सोडवावयाची, परंतु दोहों भुंवयांमधील एक अरुंद पट्टी मुळाशीं जोडलेली ठेवावयाची, म्हणजे नवीन जागीं कातडी जीव धरीपर्यंत रक्त चालूं राहतें. तुटलेल्या नाकाच्या कडा ताज्या करून, कातडीस अर्धा पीळ देऊन ती खालीं उतरवून त्या कडांत बसवावयाची. वर कात पाण्यांत भिजवून लावलेल्या कापडाच्या पांच-सहा पट्ट्या. चार दिवसांनीं त्या काढून तुपांत भिजविलेलीं फडकीं. दहाव्या दिवसापासून नाकपुड्यांत मऊ कापडाचे बोळे. पंचविसाव्या दिवसाच्या सुमारास ती जोडपट्टी कापून टाकावयाची. ही क्रिया बहुतकरून सफळ होते, असें वृत्तांतकारानें म्हटलें आहे.

या वृत्तांतांतून तीन गोष्टी निघतात. पहिली : सुश्रुतसंहितेंतील नासिकासंधानांत कातडी गालावरून घेण्यास सांगितली आहे, पुण्याच्या कारागिरानें ती कपाळावरून घेतली. म्हणजे ग्रंथ आणि प्रयोग यांच्या दरम्यान केव्हां तरी, कोणीतरी, गाल सोडून कपाळ धरलें. ही नवी रीत होती, आणि ती उत्तम होती. कारण कपाळाची कातडी नाकाच्या कातडीशीं अधिक जुळते व तिचा रक्तपुरवठा भरवशाचा असतो. सुश्रुताची जुनी हस्तलिखितें उपलब्ध आहेत. नेपाळांतील एक प्रत इ. स. ८७८ इतकी जुनी आहे. परंतु गालाकडून कपाळाकडे जाण्याचा हा जो टप्पा, त्याची एक ओळही ग्रंथांत उमटली नाहीं. पहिल्या नाकांचें काय झालें, किती सडलीं, किती गळलीं, कोणत्या चुकीनंतर ती जोडपट्टी मुळाशीं ठेवण्याची युक्ति सुचली, हें सारें ज्ञान हातांतून हातांत गेलें, कागदावर आलें नाहीं.

दुसरी : पाहणाऱ्या दोघां इंग्रजांचीं नांवें छापलीं गेलीं, रोग्याचें नांव छापलें गेलें, ज्यानें काम केलें त्याचें नांव छापलें गेलें नाहीं. जात तेवढी नोंदली गेली. इतिहासाच्या साधनांत हें नित्याचेंच आहे. परंतु नवीन कर्माच्या नीतीच्या दृष्टीनें तें दुहेरी नुकसान होय. कर्त्यास श्रेय मिळत नाहीं, आणि त्याच्या हातून बिघडलेल्या कामांबद्दल त्यास कोणी विचारूंही शकत नाहीं. अनामिकाकडे जबाबदारी राहत नाहीं.

तिसरी : कावसजीच्या जिवास धोका नव्हता. नाकावांचून तो एक वर्ष जगलाच होता. त्यानें शस्त्र सोसलें तें लाज जाण्यासाठीं. आपल्या समाजांत नाक जाणें म्हणजे अब्रू जाणें, हें भाषाच सांगते. भूल देण्याचें औषध त्यानंतर अर्ध्या शतकानें, इ. स. १८४६ मध्यें, निघालें. अर्थात् कपाळ सोलून घेण्याची वेदना त्यानें शुद्धीवर राहून सोसली. तेव्हां केवळ प्राणरक्षणासाठींच शस्त्रकर्म न्याय्य, असा नियम करूं गेल्यास कावसजीचें नाक त्या नियमाच्या बाहेर पडतें. मनुष्यास लोकांत तोंड दाखवितां यावें, हेंही शल्यकर्माचें योग्य प्रयोजन आहे. मात्र जेथें लाज हें प्रयोजन, तेथें लाजेचा व्यापार करणाराही जवळच उभा असतो. मेदोरोगाच्या बाबतींत ही गोष्ट विसरतां येत नाहीं. कारण स्थूल मनुष्याची चेष्टा सर्वत्र होते, आणि लाजलेला मनुष्य संमतीच्या कागदावर फार लवकर सही करतो.

(४)

पुण्याची ही रीत लंडनास पोंचली ती कशी वापरली गेली, हें पाहणें उद्बोधक आहे. तेथील जोसेफ कार्प्यू या शस्त्रवैद्यानें मासिकांतील वृत्तांतावरून ही क्रिया हातीं घेतली. परंतु वाचलें कीं कापलें, असें केलें नाहीं. हिंदुस्थानांत राहून आलेल्या लोकांकडे त्यानें चौकशी केली. प्रेतांवर ती क्रिया करून हात बसविला. ता. २३ ऑक्टोबर १८१४ रोजीं, म्हणजे वृत्तांत छापल्यास वीस वर्षें झाल्यावर, त्यानें ती प्रथम जिवंत माणसावर केली. तो रोगी लष्करी अंमलदार होता. यकृताच्या विकारावर दिलेल्या पाऱ्यामुळें त्याचें नाक गेलें होतें. दुसरा रोगीही अंमलदारच, अल्बुएराच्या इ. स. १८११ च्या लढाईंत जखमी झालेला. इ. स. १८१६ मध्यें कार्प्यूनें दोन्ही प्रयोगांचा सविस्तर वृत्तांत पुस्तकरूपानें प्रसिद्ध केला, आणि रीत कोठून आली हेंही सांगितलें. पुढें युरोपांत ती ‘भारतीय रीत’ या नांवानेंच रूढ झाली.

सुश्रुताच्या वाचकास यांत नवें कांहीं वाटणार नाहीं. शिष्यानें शस्त्र रोग्याच्या अंगास लावण्यापूर्वीं कोहळा, भोपळा, काकडी, पाण्यानें भरलेली पखाल इत्यादिकांवर योग्या, म्हणजे सराव, करावा, असा स्वतंत्र अध्याय सूत्रस्थानांत आहे. शारीरस्थानांत प्रेत पाण्यांत कुजवून त्याचें निरीक्षण करण्याची रीत आहे. पुण्याच्या कारागिराजवळ कसब होतें, कार्प्यूजवळ तें प्रथम नव्हतें. परंतु कार्प्यूनें चौकशी, सराव व लेख या तीन पायऱ्या पाळल्या, आणि त्यांतील तिसरी पायरी पुण्यास नव्हती. म्हणूनच क्रिया पुण्याची, पण तिचा इतिहास लंडनच्या छापखान्यांतून वाचावा लागतो.

(५)

आतां मेदोरोगावरील शस्त्रक्रियेचा आधुनिक इतिहास संक्षेपानें सांगतों. तिचा आरंभ अमेरिकेंत झाला. इ. स. १९५४ मध्यें क्रेमेन, लिनर व नेल्सन यांनीं कुत्र्यांच्या लहान आंतड्याचा कोणता भाग पोषणास किती उपयोगी पडतो, याचे प्रयोग प्रसिद्ध केले. आंतड्याचा बहुतेक भाग वगळून अन्न पुढें सोडल्यास देह झडतो, हें दिसतांच तीच युक्ति माणसावर करण्यांत आली. इ. स. १९५६ पासून पेन व त्याच्या सहकाऱ्यांनीं दहा रोग्यांच्या लहान आंतड्याचा आरंभीचा भाग थेट मोठ्या आंतड्यास जोडला. वजन उतरलें, परंतु अतिसार व क्षारनाश इतका झाला कीं आंतडीं पूर्ववत् करावीं लागलीं, आणि पूर्ववत् करतांच वजन पुन्हां वाढलें. मग जोड थोडा अलीकडे आणून लहान आंतड्यासच लहान आंतडें जोडण्याची रीत निघाली. ती हजारों लोकांवर झाली. वर्षें लोटल्यावर मूत्रपिंडांत खडे, सांधेदुखी आणि कित्येकांत यकृताचा नाश असे परिणाम उघडकीस आले, आणि इ. स. १९८० च्या सुमारास ती रीत टाकून देण्यांत आली.

दरम्यान मेसन यानें आयोवा येथें इ. स. १९६६ पासून जठराचा लहान भाग वेगळा करून तो आंतड्यास जोडण्याची रीत चालू केली. तिचे फेरफार आजही प्रचारांत आहेत. पुढें जठराभोंवतीं पट्टा बसविण्याची रीत आली, कांहीं वर्षें अत्यंत लोकप्रिय झाली, आणि पट्टा सरकणें, जठरांत रुतणें व वजन पुन्हां वाढणें या कारणांनीं मागें पडली. आज जी सर्वांत अधिक केली जाते ती जठराचा बाहेरील मोठा भाग कापून उरलेल्याची नळी करण्याची क्रिया. ती मुळांत एका मोठ्या शस्त्रक्रियेची केवळ पहिली पायरी होती. फार स्थूल रोग्यांस दोन टप्प्यांत शस्त्र लावावें, म्हणून ती आधीं करीत. पुढें दुसऱ्या टप्प्याची गरज पुष्कळांस पडत नाहीं असें दिसलें, आणि पायरीच घर झाली.

या क्रमांतून एक गोष्ट स्पष्ट होते. चांगली व वाईट रीत पहिल्या वर्षीं ओळखूं येत नाहीं. आंतडें वगळण्याच्या रीतीनेंही प्रथम वजन उतरलेंच होतें. रोगी व वैद्य दोघेही संतुष्ट होते. दोष दिसला तो अनेक वर्षांनीं, आणि तोही ज्यांनीं रोग्यांचा माग ठेवला त्यांनाच दिसला. स्वीडनमध्यें इ. स. १९८७ सालीं ४०४७ स्थूल लोकांचा जो दीर्घ अभ्यास आरंभला, त्याची हकीकत येथें विशेष उपयोगी आहे. शस्त्रक्रिया कोणास करावी व कोणास नाहीं, हें चिठ्ठ्या टाकून ठरविण्यास तेथील नीतिसमित्यांनीं अनुमति दिली नाहीं. कारण त्या काळीं शस्त्रक्रियेंत होणारे मृत्यु फार होते. म्हणून ज्यांनीं आपखुषीनें शस्त्रक्रिया पत्करली त्यांची तुलना तशाच इतरांशीं करण्यांत आली. वीस वर्षांनीं, इ. स. २००७ मध्यें, शस्त्रक्रिया झालेल्यांत मृत्यूचें प्रमाण कमी असल्याचें प्रसिद्ध झालें. म्हणजे १९५४ पासून मोजल्यास, ही क्रिया आयुष्य वाढविते असें भरंवशानें म्हणतां येण्यास अर्ध्या शतकाहून अधिक काळ लागला. तोंपर्यंत ज्यांनीं ती करून घेतली ते सर्व, त्यांस कोणीं सांगितलें असो वा नसो, प्रयोगाचेच विषय होते.

(६)

आपल्या देशांत हा प्रश्न आणखी एका कारणानें बिकट होतो, आणि तें कारण शोधण्याचा मान पुण्यास आहे. स्थूलता मोजण्याची रूढ रीत अशी कीं, किलोग्रॅममधील वजनास मीटरमधील उंचीच्या वर्गानें भागावें. हें माप एकोणिसाव्या शतकांत बेल्जमच्या केटले या गणितज्ञानें जनसमूहांचें वर्णन करण्यासाठीं काढलें. एकेका रोग्यावर शस्त्र धरावें कीं नाहीं, हें ठरविण्यासाठीं नव्हे. इ. स. १९९१ मध्यें अमेरिकन तज्ज्ञांनीं शस्त्रक्रियेस हा अंक ४०, किंवा मधुमेहादि विकार असल्यास ३५, अशी मर्यादा घातली.

पुण्याच्या के. ई. एम्. रुग्णालयांतील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांचे सहकारी यांनीं इ. स. १९९३ पासून पुणें जिल्ह्यांतील सहा खेड्यांत गर्भवती स्त्रिया व त्यांचीं मुलें यांचा अभ्यास चालविला. तेथील नवजात बालकाचें सरासरी वजन सुमारें २.७ किलोग्रॅम भरलें. इंग्लंडांतील साउदॅम्प्टनच्या बालकाचें ३.५. परंतु हें हलकें बालक मांसानें कमी असून त्यामानानें मेदानें कमी नव्हतें. इ. स. २००४ मध्यें याज्ञिक व लंडनचे युडकिन यांनीं ‘लान्सेट’ पत्रांत स्वतःचीं छायाचित्रें शेजारीं शेजारीं छापलीं. दोघांचा अंक सारखाच, सुमारें २२. पण शरीरांतील मेद एकाच्या अंगीं शेंकडा ९.१, तर याज्ञिकांच्या अंगीं शेंकडा २१.२. अर्थात् दिसण्यांत सडपातळ असणारा आपला मनुष्य आंतून मेदस्वी असूं शकतो.

या ज्ञानाचे दोन परिणाम झाले. आशियांतील लोकांसाठीं मर्यादा खालीं आणण्यांत आल्या, आणि इ. स. २०२२ मध्यें जागतिक शस्त्रवैद्यसंघांनीं आशियाई लोकांस २७.५ या अंकापासून शस्त्रक्रिया सुचवावी असें प्रसिद्ध केलें. १.६५ मीटर उंचीच्या मनुष्यास ४० हा अंक म्हणजे १०९ किलोग्रॅम, २७.५ म्हणजे अवघे ७५. रोग खरा आहे, म्हणून मर्यादा उतरविणें अयोग्य नाहीं. परंतु मर्यादा उतरतांच धंद्याचें क्षेत्रही तितकेंच रुंदावतें, हेंही खरें. स्वीडनच्या अभ्यासांतील लोक आपल्या ७५ किलोंच्या मनुष्याहून फारच जड होते. त्यांच्या आयुष्याचा पुरावा याच्या आयुष्यास जसाच्या तसा लावणें म्हणजे एका परगण्याच्या सनदेवरून दुसऱ्या परगण्याचें वतन मागण्यासारखें आहे. आपल्या लोकांवरील दीर्घकाळच्या नोंदीच या दाव्यास अस्सल पुरावा होत.

(७)

नोंद नसली म्हणजे काय होतें, हें इ. स. २०१७ मध्यें मुंबईस दिसलें. त्या वर्षाच्या फेब्रुवारींत ईजिप्त देशांतून एका स्त्रीस विमानानें मुंबईस आणलें. तिचें वजन ५०० किलोंच्या आसपास असल्याचें वृत्तपत्रांनीं जगभर प्रसिद्ध केलें. मार्चमध्यें तिच्या जठरावर शस्त्रक्रिया झाली. त्यानंतर वजन किती घटलें व प्रकृति कितपत सुधारली, याविषयीं तिचे आप्त व वैद्य यांच्यांत उघड वाद माजला; मे महिन्यांत तिला अबूधाबीस हलविण्यांत आलें, आणि सप्टेंबरांत तेथें ती निवर्तली. दोघांपैकीं कोणाची बाजू खरी, याचा निवाडा करण्याचें हें स्थळ नव्हे. आम्हांस एवढेंच दाखवावयाचें आहे कीं, परस्परविरुद्ध दोन कैफियती पुढें आल्यावर तिसरें तटस्थ साधन लोकांपुढें नव्हतें. जी शस्त्रक्रिया वृत्तपत्रांतून जाहीर होते, तिचें फळही वृत्तपत्रांतच भांडलें जातें.

कायद्याची स्थिति अशी आहे. नवें औषध विकण्यापूर्वीं माणसांवरील चाचण्या व सरकारी परवानगी लागते. शस्त्रक्रियेच्या केवळ नव्या रीतीस तसला परवाना लागत नाहीं; शस्त्रवैद्यानें जुनें सोडून नवें धरलें, तर तें बहुधा त्याच्या विवेकावरच राहतें. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेनें इ. स. १९८० पासून वेळोवेळीं, अलीकडे २०१७ मध्यें, नीतिविषयक निर्देश प्रसिद्ध केले आहेत. परंतु कोणतें कर्म संशोधन व कोणतें नित्याची चिकित्सा, हें प्रथम ठरवितो तो करणाराच. रोग्याची संमति खरी, समजून दिलेली व त्याच विशिष्ट कर्मापुरती असली पाहिजे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयानें इ. स. २००८ मध्यें दिला. चरकाच्या वाक्यांत रोग्याचा जो अधिकार वेगळा काढलेला नव्हता, तो या निर्णयानें स्पष्ट झाला.

(८)

संमतीचा हा विचार मुळशीसंबंधीं लिहितांना आणखी एका घटनेकडे नेतो. इ. स. १९२१ च्या रामनवमीस, ता. १६ एप्रिल रोजीं, मुळशीच्या शेतकऱ्यांनीं सत्याग्रह आरंभिला. मुंबईच्या गिरण्यांस व शहरास वीज पुरविण्यासाठीं टाटा कंपनी मुळा नदीवर जें धरण बांधीत होती, त्यांत या खोऱ्यांतील गांवें व भातखाचरें बुडणार होतीं. पांडुरंग महादेव बापट यांस ‘सेनापति’ हें नांव याच लढ्यानें दिलें. धरण अखेर बांधलें गेलें. वीज ही त्या काळची मोठी नवी विद्या. तिचा लाभ खराच होता. परंतु लाभ मुंबईस, हानि मुळशीस, आणि ज्यांची हानि त्यांची संमति कोणीं विचारली नाहीं.

शस्त्रक्रियेंत वरवर पाहतां असें घडत नाहीं. जो चिरला जातो त्याचाच लाभ व त्याचीच हानि. म्हणूनच त्याची संमति पुरेशी, असें पुष्कळांस वाटतें. परंतु नव्या शस्त्रक्रियेंत लाभाची वांटणी इतकी सरळ नसते. पहिल्या दहा रोग्यांवर हात बसतो, आणि त्याचा लाभ अकराव्यास होतो. वैद्यास कीर्ति मिळते, रुग्णालयास द्रव्य मिळतें, शास्त्रास ज्ञान मिळतें. पहिले दहा हे त्या मर्यादेपर्यंत मुळशीकरच आहेत. त्यांच्या हानीचें ऋण फेडण्याचा एकच मार्ग आहे : त्यांच्यापासून जें कळलें तें हरवूं न देणें. पेनच्या दहा रोग्यांचें दुःख प्रसिद्ध झालें, म्हणून पुढील लोक त्या जोडापासून वांचले. कपाळाची जोडपट्टी ठेवण्याची युक्ति सुचण्यापूर्वीं ज्यांचीं नाकें गळलीं, त्यांचें दुःख मात्र कोठेंच नोंदलें गेलें नाहीं.

(९)

एवढ्यावरून आमचा निष्कर्ष असा. नवें शल्यकर्म अनीतीचें नव्हे. तसें असतें तर कावसजी मरेपर्यंत नकटाच राहता. तें नीतीचें होण्यास चार गोष्टी लागतात. सराव प्रथम निर्जीवावर व्हावा. संशय रोग्यास त्याच्या भाषेंत सांगितला जावा, आणि लाजेच्या भरांत त्यास होकार द्यावयास लावूं नये. उपेक्षेनें निश्चित मरण येत नसेल तेथें पुरावा अधिक मागावा. आणि केलेल्या प्रत्येक कर्माची, विशेषतः फसलेल्या कर्माची, कर्त्याच्या नांवानिशीं नोंद व्हावी व ती वर्षानुवर्षें चालवावी. पहिल्या तीन गोष्टी आपल्या ग्रंथांत आहेत. चौथी नाहीं, आणि तिच्याच अभावीं पुण्याच्या एका थोर कारागिराचें नांव आपण गमावून बसलों.

ही चौथी गोष्ट केवळ वैद्यांची नव्हे. पोथ्या व कागद जमविणाऱ्या आमच्या वाचकांच्या हातीं वैद्यघराण्यांचीं बाडें नेहमीं येतात. त्यांतील औषधांचे पाठ आपण उतरून घेतों. रोग्याचें नांव, गांव, तिथि, दिलेली मात्रा व आलेला गुण असे जे किरकोळ टांचण समासांत असतें, त्यास बहुधा मोल देत नाहीं. तें जपावें. त्याचप्रमाणें जुन्या दवाखान्यांच्या व शस्त्रक्रियागृहांच्या वह्या रद्दींत जाण्यापूर्वीं, रोग्यांचीं नांवें झांकून ठेवण्याच्या अटीवर, संस्थांच्या दफ्तरांत याव्या. पौड खोऱ्यांतील एखाद्या स्त्रीच्या जठरावर आज जी शस्त्रक्रिया होते, तिचा खरा गुणदोष तीस वर्षांनीं कळावयाचा आहे. तेव्हां तो पाहणाऱ्यास कागद सांपडला पाहिजे.